खाडीकाठची पाऊलवाट : भरतीलाही मोकळी, माणसालाही

ठाणे जिल्ह्याच्या पश्चिम टोकास वसलेल्या मीरा-भाईंदर शहराला तीन बाजूंनी खारे पाणी आहे. उत्तरेस उल्हास नदीचे पाणी समुद्राला नेणारी वसईची खाडी, पश्चिमेस अरबी समुद्र, तर दक्षिणेस गोराई-मनोरीच्या खाडीचे फाटे. पूर्वेकडे काशी, घोडबंदर, चेणे या बाजूस तेवढी संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगराळ रानाची सीमा लागते. चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत ज्या धारावी बेटाला एवढे महत्त्व आले, तो परिसर म्हणजे आजची उत्तन, डोंगरी, चौक ही गावे होत. त्या काळी या खाड्याच येथील राजमार्ग होते.

नवघर, खारी, गोडदेव, मीरे, राई, मुर्धा, मोर्वा या गावांचे जीवन पिढ्यान्‌पिढ्या खाडीशी बांधलेले होते. आगरी समाजाने मिठागरे पिकवली, खारबांध घालून भातशेती केली. उत्तन, पाली, चौक येथील कोळी बांधवांनी मासेमारी केली. १९८५ साली येथे नगरपरिषद आणि २००२ साली महानगरपालिका स्थापन झाली. १९९१ च्या जनगणनेत सुमारे पावणेदोन लाख असलेली लोकसंख्या २००१ मध्ये पाच लाख वीस हजारांवर आणि २०११ मध्ये आठ लाख नऊ हजारांवर गेली. मिठाचा व्यवसाय बव्हंशी आटला. पूर्वी ज्या आगरांत पांढऱ्या मिठाच्या राशी पडत, त्यांच्या शेजारी आता बहुमजली इमारती उभ्या आहेत. या इमारती आणि खाडी यांच्या दरम्यान तिवरांचा, चिखलाचा आणि पडीक मिठागरांचा जो पट्टा उरला आहे, त्याविषयी प्रस्तुत लेखात विचार केला आहे.

हा पट्टा शहरातील बहुतेकांनी खिडकीतून किंवा भाईंदरची खाडी ओलांडणाऱ्या आगगाडीच्या दारातून पाहिलेला असतो. त्यात पाऊल टाकण्याची सोय मात्र क्वचितच असते. तरुण, धडधाकट माणूस बांधावरून उड्या मारीत एखादे वेळी आत जाऊन येतो. गुडघे दुखणारी आजी, चाकाच्या खुर्चीतून शाळेत जाणारा विद्यार्थी, पांढरी काठी घेऊन चालणारी अंध शिक्षिका किंवा बाळाची ढकलगाडी घेऊन निघालेली आई यांच्यासाठी तो पट्टा असून नसल्यासारखाच आहे. त्यांच्यासाठी वाट करावी असा विचार मनात आला, की बहुधा सर्वांत सोपा उपाय योजला जातो : मुरूम आणि राडारोडा टाकून भराव करावयाचा, त्यावर काँक्रीट ओतावयाचे, दोन बाजूंना कठडे आणि दिवे लावावयाचे. अशी वाट चालावयास चांगली असते, परंतु काही वर्षांतच वाटेच्या एका बाजूची तिवरे वाळू लागतात. ज्या पाणथळीच्या दर्शनासाठी वाट केली, ती पाणथळच वाटेमुळे मरते.

हे अटळ मात्र नाही. चाकाच्या खुर्चीला चालेल आणि भरतीच्या पाण्यालाही चालेल अशी वाट बांधता येते. त्यासाठी प्रथम भरतीचे पाणी काय करते हे समजून घ्यावे लागते.

पाणी दिवसातून दोनदा येते

कोकणच्या किनाऱ्यावर सुमारे साडेबारा तासांच्या अंतराने भरती येते. म्हणजे दिवसात साधारणतः दोन भरत्या आणि दोन सुकत्या, आणि रोज त्यांची वेळ पाऊण तासाहून थोडी अधिक पुढे सरकते. अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती येते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती येते, तेव्हा पाणी फारसे चढत नाही. मुंबईच्या किनाऱ्यावर मोठ्या उधाणाची उंची पाच मीटरच्या आसपास जाते. कोळी आणि आगरी कुटुंबांना हे गणित पंचांगाप्रमाणे पाठ असते. नगररचनाकाराच्या नकाशात मात्र समुद्राची एकच रेषा काढलेली असते, आणि पुष्कळशा चुका तेथूनच सुरू होतात.

समुद्राच्या सरासरी पातळीपासून उधाणाच्या पातळीपर्यंतचा जो उताराचा पट्टा असतो, त्यात कांदळवन वाढते. तिवर, कांदळ, चिप्पी, काजळा, मारांडी या वनस्पतींना रोज थोडा वेळ पाण्याखाली आणि बराच वेळ हवेत राहावयाचे असते. चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो; म्हणून तिवराची श्वसनमुळे पेन्सिली उभ्या केल्याप्रमाणे जमिनीतून वर येतात. ही मुळे सतत पाण्याखाली राहिली तर झाड गुदमरते. पाणी मुळीच आले नाही तर जमिनीत क्षार साचून झाड वाळते. कांदळाचे बी झाडावर असतानाच रुजते आणि लांबट शेंगेसारखे रोप होऊन खाली पडते. तिवराच्या पानावर मिठाचे कण दिसतात, कारण मुळांतून आत आलेले जादा मीठ ते पानावाटे बाहेर टाकते. पांढरी चिप्पी या वृक्षाला २०२० साली महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष म्हणून मान देण्यात आला. एखाद्या राज्याने असा वृक्ष घोषित करण्याची देशातील ती पहिलीच वेळ होती.

कांदळवनाच्या पुढे, खाडीच्या बाजूस, चिखलाची उघडी मैदाने असतात. सुकतीच्या वेळी त्यांवर निवट्या उड्या मारतात, चिंबोऱ्या बिळातून डोकावतात आणि तुतवार, चिखल्या, शेकाट्या, शेराटी असे पक्षी चोचीने चिखल चाचपीत हिंडतात. बोय, जिताडा, कोळंबी यांची पिले मुळांच्या आडोशाने वाढतात. उत्तनच्या किंवा वसईच्या कोळ्याच्या जाळ्यात जे पडते, त्याचा काही भाग या चिखलात जन्म घेतो, हे शहरवासीयांना सहसा ठाऊक नसते.

या पट्ट्याचे आणखी एक काम पावसाळ्यात कळते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. भरतीच्या वेळी नाल्यांचे पाणी खाडीत जाऊ शकत नाही. ते काही तास कोठेतरी थांबावेच लागते. खाडीकाठची मोकळी पाणथळ जागा ही त्या थांबलेल्या पाण्याची हक्काची जागा असते. ती भरून टाकली, की तेच पाणी तळमजल्यावरील घरात शिरते.

रोपांच्या आधी पाणी

पाणथळीचे पुनरुज्जीवन म्हटले की अनेकांच्या डोळ्यांसमोर वृक्षारोपणाचा कार्यक्रम उभा राहतो. शाळेची मुले रांगेने उभी आहेत, प्रत्येकाच्या हाती रोप आहे, छायाचित्र निघत आहे. हेतू उत्तम असला तरी कांदळवनाच्या बाबतीत हा क्रम उलटा आहे. जेथे भरतीचे पाणी योग्य उंचीपर्यंत येते आणि पूर्णपणे परत जाते, तेथे जवळच्या झाडांची बी पाण्याबरोबर वाहत येऊन आपोआप रुजते. जेथे पाण्याचे येणे-जाणे बंद पडले आहे, तेथे कितीही रोपे लावली तरी पुढील उन्हाळ्यात काटक्याच उरतात. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात काम केलेले कांदळवनशास्त्रज्ञ रॉय लुईस यांनी हाच मुद्दा आयुष्यभर मांडला : झाडे का गेली याचे कारण आधी शोधा, पाण्याची वाट मोकळी करा, आणि बी येत नसेल तरच लागवडीचा विचार करा.

आपल्या देशात याचे सर्वांत बोलके उदाहरण तामिळनाडूतील पिचावरम येथील आहे. तेथे पूर्वी ठराविक पट्ट्यांत झाडांची सरसकट तोड होत असे. सावली गेल्यामुळे उघडी पडलेली जमीन उन्हाने वाळली, खचली आणि मध्यभागी ताटासारखी खोल झाली. मोठ्या भरतीचे पाणी त्या ताटात शिरे, पण परत जात नसे. ते तेथेच आटून क्षार वाढत जाई. जंगलतोड थांबली तरी जंगल परत येईना, याचे कारण हे होते. एम. एस. स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठान आणि वनविभाग यांनी १९९० च्या दशकात तेथे एक मुख्य चर आणि त्याला दोन्ही बाजूंनी तिरकस जोडलेले उपचर खोदले. वरून पाहता त्यांची रचना माशाच्या काट्यासारखी दिसते. चरांतून भरतीचे पाणी आत येऊ लागले आणि ओहोटीबरोबर बाहेर जाऊ लागले; जमिनीतील क्षार कमी झाले. मगच लागवड केली, आणि ती टिकली. स्थानिक ग्रामस्थांच्या समित्यांनी चरांतील गाळ काढण्याचे काम अंगावर घेतले, ही बाब तेवढीच महत्त्वाची आहे.

पडीक मिठागराची स्थिती पिचावरमच्या त्या ताटासारखीच असते. मिठागर म्हणजे बांधांनी अडवलेले पाणी. भरतीचे पाणी उघाडीतून आत घ्यावयाचे, ते एका कोंडीतून दुसऱ्या कोंडीत सरकवीत उन्हाने दाट करावयाचे, आणि अखेरच्या उथळ कोंडीत मीठ धरू द्यावयाचे, अशी ही रचना. आगर चालू असते तोवर उघाडी रोज हाताळली जाते. व्यवसाय बंद पडला, की उघाडी गंजते किंवा कुजते, बांध मात्र वर्षानुवर्षे उभे राहतात. पावसाळ्यात आत गोडे पाणी तुंबते, डास होतात. उन्हाळ्यात मिठाची पापडी धरते. लोक त्या जमिनीला ओसाड म्हणू लागतात, आणि ओसाड म्हटलेल्या जमिनीवर राडाराेडा टाकावयास कोणाला संकोच वाटत नाही.

अशा ठिकाणी पुनरुज्जीवनाचे काम म्हणजे बहुधा मातीकामच असते. टाकलेला भराव मूळ पातळीपर्यंत काढणे, तुंबलेल्या मोऱ्या साफ करणे किंवा मोठ्या करणे, बांध योग्य जागी तोडणे आणि जुना चर खाडीशी जोडणे. किती खोलवर काढावयाचे, हे शेजारच्या निरोगी तिवरांच्या पायथ्याची पातळी मोजून ठरविता येते. त्यासाठी भूमापकाची दुर्बीण आणि पट्टी पुरते. एखादा जुना आगरी सोबत असल्यास काम अधिक लवकर होते, कारण कोणती उघाडी कोणत्या चराला लागत होती हे त्याला ठाऊक असते.

मात्र सर्वच मिठागरे कांदळवनात बदलावीत, असा याचा अर्थ नव्हे. खाडीतील चिखल भरतीने झाकला जातो, तेव्हा किनारी पक्षी विश्रांतीसाठी मिठागरांतील उथळ पाण्यावर येऊन उभे राहतात. उघड्या चिखलावर किंवा अशा उथळ कोंडीत तिवरे लावली, तर झाडांची संख्या वाढते आणि पक्ष्यांची घटते. कोठे झाडे, कोठे उघडे पाणी आणि कोठे नुसता चिखल राहू द्यावयाचा, याचा आराखडा वाटेच्या आराखड्याआधी तयार व्हावयास हवा.

राज्याच्या पातळीवर या क्षेत्रात झालेले काम उत्साहवर्धक आहे. वनविभागात जानेवारी २०१२ मध्ये स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन झाला. भारतीय वन सर्वेक्षणाच्या अहवालांनुसार महाराष्ट्रातील कांदळवनाचे क्षेत्र १९८७ मध्ये १४० चौरस किलोमीटर होते. २०१५ मध्ये ते २२२, २०१७ मध्ये ३०४ आणि २०२१ मध्ये ३२४ चौरस किलोमीटर नोंदले गेले. ठाणे खाडीचा १,६९० हेक्टरचा भाग ऑगस्ट २०१५ मध्ये रोहित पक्ष्यांसाठी अभयारण्य म्हणून घोषित झाला, आणि २०२२ मध्ये ठाणे खाडीला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत स्थान मिळाले. याच खाडीच्या काठी ऐरोली येथे २०१७ पासून किनारी व सागरी जैवविविधता केंद्र चालू आहे. तेथे कांदळवनातून जाणारा मार्ग असून नौकेतून रोहित पक्षी दाखविण्याची सोय आहे. मीरा-भाईंदरच्या अगदी शेजारी गोराई येथे कांदळवन उद्यानाचे काम कांदळवन कक्षाने हाती घेतले. म्हणजे अनुभव घेण्यासाठी दूर जावे लागणार नाही.

साकवाची कल्पना

कोकणातील प्रत्येक गावाला साकव माहीत आहे. पऱ्ह्यावरून पलीकडे जाण्यासाठी खांबांवर टाकलेला तो छोटा पूल. खालून पाणी जाते, वरून माणूस जातो. पाणथळीतील वाट म्हणजे असाच एक लांबच लांब साकव असावा. भराव हा बांध असतो आणि बांध पाणी अडवतो. साकव पाणी अडवीत नाही, हा या विषयाचा गाभा आहे.

जेथे मिठागराचा जुना बांध टिकून आहे, तेथे त्याचाच उपयोग करता येईल. बांधाचा माथा उधाणाच्या पातळीच्या वर असतो. त्याला रुंद न करता त्यावर पृष्ठभाग तयार करता येतो. पाणी आत-बाहेर जाण्यासाठी बांध जेथे तोडावयाचा, तेथे साकव घालावयाचा. अशा रीतीने काही भाग बांधावरून आणि काही भाग खांबांवरून जाणारी वाट स्वस्तही पडते व नवी जमीनही व्यापत नाही. आणखी एक लाभ असा की, रस्ता, बांध आणि साकव एकाच पातळीवर ठेवता आले तर चढ-उतार जवळजवळ राहत नाही.

पातळीचा हा मुद्दा दिव्यांगांच्या दृष्टीने निर्णायक आहे. केंद्रीय गृहनिर्माण व नागरी कामकाज मंत्रालयाने २०२१ साली सर्वसुलभतेची सुधारित मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. रॅम्पचा चढ १ : १२ पेक्षा अधिक असू नये हा त्यातील मूळ दंडक आहे. एक मीटर वर चढावयाचे असेल तर किमान बारा मीटर लांबीचा रॅम्प हवा आणि मध्ये सपाट विसावा हवा. चाकाची खुर्ची स्वतःच्या हातांनी ढकलणाऱ्याला हाही चढ दमवणारा असतो. सरकारी इमारतींच्या दारात केवळ नियमाची पूर्तता म्हणून बांधलेले घसरगुंडीसारखे रॅम्प पुष्कळ पाहावयास मिळतात. त्यांवरून कोणी खुर्ची नेत नाही, फार तर मोटारसायकल चढविली जाते. पाणथळीच्या वाटेवर ही चूक होऊ नये.

रुंदीविषयी असे सांगता येईल की, दोन चाकाच्या खुर्च्या समोरासमोर येऊन सुखाने पार होण्यासाठी १.८ मीटर रुंदी लागते. इतकी रुंद वाट सर्वत्र केली तर तिच्या सावलीत खालची रोपे वाढत नाहीत. म्हणून मध्ये मध्ये रुंद थांबे देऊन उरलेली वाट अरुंद ठेवणे हा तडजोडीचा मार्ग आहे. खुर्ची वळविण्यासाठी १.५ मीटर व्यासाची मोकळी जागा लागते; ती प्रत्येक थांब्यावर आणि वाटेच्या टोकाशी असलीच पाहिजे, नाही तर आत गेलेल्या माणसाला उलट्या दिशेने मागे यावे लागते. फळ्या चालण्याच्या दिशेला आडव्या बसवाव्यात. उभ्या बसविल्यास त्यांच्या फटीत चाक आणि काठी अडकते. उजेड खाली जाऊ देणारी जाळी वापरल्यास वनस्पतींना लाभ होतो, मात्र तिची छिद्रे काठीचे टोक रुतणार नाही इतकी बारीक असावीत.

कठड्याचा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. छातीइतक्या उंचीची भरीव भिंत बांधली, तर उभ्या माणसाला पक्षी दिसतात आणि खुर्चीत बसलेल्याला व लहान मुलाला केवळ सिमेंट दिसते. बसलेल्या माणसाची नजर जमिनीपासून साधारणतः सव्वा मीटरच्या आत असते. कठडा आरपार दिसणारा असावा, हाताने धरावयाच्या नळ्या दोन उंचींवर असाव्यात, आणि कडेला चाक घसरू नये म्हणून ठेंगणी पट्टी असावी. हीच पट्टी अंध व्यक्तीच्या काठीला मार्गदर्शक ठरते.

अंध पाहुण्याला पाणथळीत काय मिळणार, असा प्रश्न विचारला जातो. वस्तुतः पाणथळ ही डोळ्यांइतकीच कानांची आणि हातांची जागा आहे. सुकतीच्या वेळी चिखलातून येणारे चटचट आवाज, खंड्याची कर्कश हाक, भरती वळल्याचा पाण्याचा बदललेला सूर, मारांडीच्या पानांचे काटे, तिवराच्या पानावरचे मीठ बोटाला लागून जिभेवर घेतलेली चव, कांदळाच्या लोंबत्या रोपाचे वजन हे सर्व डोळ्यांविना कळते. त्यासाठी काही झाडे कठड्यापासून हाताच्या अंतरावर ठेवावी लागतील आणि माहितीफलक मराठी ब्रेलमध्ये, उठावदार आकृत्यांसह लावावे लागतील. कर्णबधिरांसाठी चित्रमय फलक आणि सांकेतिक भाषा जाणणारा मार्गदर्शक असावा. मोठी अक्षरे आणि साधी वाक्ये सर्वांनाच उपयोगी पडतात. ज्येष्ठ नागरिकाला तर अधिकच.

वाटेच्या आतील सोयींकडे लक्ष देताना वाटेपर्यंतचे अंतर विसरले जाते. भाईंदर किंवा मीरा रोड स्थानकाचा फलाट, तेथून बस, बसथांब्यापासून प्रवेशद्वार आणि तेथील स्वच्छतागृह ही साखळी अखंड नसेल, तर लाखो रुपये खर्चून केलेला साकव मोटारीतून येणाऱ्यांपुरताच उरतो. पदपथावर उभी केलेली एक दुचाकी ही साखळी तोडावयास पुरेशी असते.

परदेशातील एक उदाहरण येथे सांगण्यासारखे आहे. सिंगापूरमधील पुलाऊ उबिन बेटावरील चेक जावा या पाणथळीवर भराव घालावयाचे ठरले होते. २००१ साली नागरिक आणि अभ्यासकांनी तेथील जीवसृष्टीची नोंद करून शासनापुढे ठेवली आणि डिसेंबरमध्ये भरावाचा निर्णय पुढे ढकलण्यात आला. त्यानंतर पाहणाऱ्यांची गर्दी इतकी झाली की त्यांच्या पायांखाली चिखलातील जीवच चिरडू लागले. म्हणून तेथे खांबांवरचा सुमारे एक किलोमीटर लांबीचा मार्ग बांधण्यात आला व २००७ साली तो खुला झाला. तेथे वाट ही माणसाच्या सोयीइतकीच चिखलाच्या संरक्षणासाठी होती.

कायदा काय सांगतो

अशा कामात अनेक कायदे एकत्र येतात, म्हणून स्थानिक संस्थांनी आरंभीच काळजी घेतलेली बरी. ६ ऑक्टोबर २००५ च्या अंतरिम आदेशाने आणि १७ सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निकालाने मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर कांदळवनाच्या तोडीस मनाई केली असून, सार्वजनिक हिताच्या अपरिहार्य प्रकल्पासाठीही न्यायालयाची अनुमती आवश्यक केली आहे. वन म्हणून अधिसूचित झालेल्या कांदळवन क्षेत्रात वनविभागाशिवाय एक खांबही रोवता येत नाही. सागरी किनारा नियमन क्षेत्राची जानेवारी २०१९ ची अधिसूचना कांदळवनातील पाऊलवाट आणि निसर्गमार्ग यांना अतिसंवेदनशील किनारपट्ट्यातही वाव देते; परंतु तो भाग निश्चित केलेला असला पाहिजे आणि पर्यटन आराखडा जनसुनावणीसह मंजूर किनारा व्यवस्थापन आराखड्यात समाविष्ट असला पाहिजे. ही जनसुनावणी औपचारिक ठरू नये. होडी कोठून आत येते, जाळी कोठे वाळत घालतात, कालवे कोठे काढतात हे कोळी व आगरी कुटुंबांना विचारल्याविना आखलेली वाट त्यांच्या पोटावर येते.

एक बारकावा अधिकाऱ्यांनी ध्यानात ठेवावा. १९७१ च्या रामसर कराराच्या व्याख्येत ओहोटीच्या वेळी सहा मीटरपर्यंत खोल असलेल्या सागरी भागापासून मिठागरांपर्यंत सर्व पाणथळी येतात. आपल्या २०१७ च्या पाणथळ नियमांतून मात्र मिठासाठी खास बांधलेली आगरे आणि किनारा नियमनाखालील क्षेत्रे वगळलेली आहेत. त्यामुळे एखादे मिठागर पाणथळींच्या यादीत नाही, एवढ्यावरून त्याला कोणतेच संरक्षण नाही असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. ते किनारा नियमन क्षेत्रात असेल तर त्याचे नियम लागू होतात.

दिव्यांगांच्या बाजूने विचार करता २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम स्पष्ट आहे. सार्वजनिक सुविधा सुलभ असणे हा त्यात हक्क मानला आहे. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रातुरी प्रकरणात, सुलभतेची मानके केवळ शिफारशी म्हणून ठेवणारा २०१७ च्या नियमांतील पंधरावा नियम अधिनियमाशी विसंगत ठरविला आणि अनिवार्य मानके तयार करण्याचा आदेश केंद्र शासनास दिला. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार दिव्यांग व्यक्ती होत्या. त्या गणनेत अपंगत्वाचे जेवढे प्रकार विचारात घेतले होते, त्याहून अधिक म्हणजे एकवीस प्रकार नव्या अधिनियमात आहेत. सुलभता हा आराखड्याच्या शेवटी जोडावयाचा परिच्छेद राहिलेला नाही. निविदेच्या पहिल्या पानावर तिचे मोजमाप असावयास हवे.

उद्घाटनानंतर

खाऱ्या हवेत लोखंड गंजते, लाकूड खाऱ्या पाण्यातील किडे पोखरतात, आणि पहिल्याच पावसाळ्यानंतर फळ्यांवर शेवाळ धरते. धडधाकट माणूस निसटत्या फळीवरून सावरतो. कुबडी घेऊन चालणारा सावरत नाही. म्हणून देखभालीची तरतूद बांधकामाच्या अंदाजपत्रकातच स्वतंत्र शीर्षाखाली करावी. काम स्थानिकांकडे दिल्यास ते अधिक नीट होते असा अनुभव आहे. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत 'स्वामिनी' या महिला बचत गटाने गेल्या दशकात होडीतून कांदळवन सफर सुरू केली. ज्या खाडीवर त्यांची मिळकत अवलंबून आहे, ती स्वच्छ राहावी ही काळजी त्यांना सांगावी लागत नाही. राई-मुर्ध्याच्या किंवा उत्तनच्या महिलांना मार्गदर्शक, खुर्ची-मदतनीस किंवा देखभाल पथक म्हणून असेच काम मिळू शकते.

प्रत्येक उधाणाबरोबर खाडीतून प्लास्टिक येते आणि श्वसनमुळांत अडकते. ते काढण्याचे काम वाटेच्या देखभालीतच धरावे आणि सुकतीच्या वेळी, साकवावरून लांब दांड्याच्या आकड्याने करावे. स्वच्छतेसाठी शेकडो स्वयंसेवक चिखलात उतरविल्यास मुळे मोडतात. पक्षी येण्याच्या हिवाळी महिन्यांत भरतीच्या वेळी काही थांबे बंद ठेवावे लागतील आणि रात्री दिवे लावू नयेत. पाणथळीला उद्यानाचे स्वरूप देण्याचा मोह येथेच अधिक होतो.

चर तपासण्याचे काम वर्षातून दोनदा करावे : एकदा पावसाळ्यापूर्वी, एकदा नंतर. त्यासाठी शाळांची मदत घेता येईल. साकवाच्या दोन्ही बाजूंस चिखलात रंगवलेल्या मोजपट्ट्या रोवाव्यात आणि उधाणाच्या दिवशी दोन्हीकडचे पाणी एकाच वेळी एकाच उंचीला येते की नाही, हे विद्यार्थ्यांनी वहीत नोंदवावे. एका बाजूला पाणी उशिरा येऊ लागले किंवा उशिरा उतरू लागले, तर कोठेतरी चर तुंबला आहे किंवा कोणी रात्रीत राडारोडा टाकला आहे, असे समजावे. झाडे वाळण्याच्या कितीतरी आधी ही नोंद इशारा देते. ती वही प्रभाग कार्यालयात ठेवावी, आणि भरती-सुकतीच्या पंधरवड्याच्या वेळा प्रवेशद्वारावरील फलकावर मोठ्या अक्षरांत व ब्रेलमध्ये लावाव्यात, म्हणजे चाकाच्या खुर्चीतून येणाऱ्याला घरून निघण्यापूर्वीच, आज चिखल पाहावयास मिळेल की पाणी, हे विचारून घेता येईल.